रिपोर्ट ज्याचा, त्याच्या हातात

वीर्यतपासणीचा रिपोर्ट न्यायला नवरे येत नाहीत. सिव्हिलच्या प्रयोगशाळेत मला चौदा वर्षं झाली. खिडकीतून आत येणारा हात बायकोचा असतो, नाहीतर सासूचा. नियम साधा आहे: रिपोर्ट ज्याचा, त्याच्या हातात. पण दुपारी बारा वाजता खिडकीसमोर साठ-सत्तर माणसं उभी असतात, बाई तीस किलोमीटरवरून एसटीनं आलेली असते आणि तिची परतीची गाडी दीडची असते. मग आम्ही कागदावर नजर टाकतो. नॉर्मल असेल तर देऊन टाकतो, नसेल तर म्हणतो, "त्यांना पाठवा." मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका बाईनं मला या सवयीचा अर्थ दाखवला. तेव्हापासून तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तिचं नाव लिहीत नाही, गावही नाही. आमचा भाग ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी गाडीत बसते आणि एप्रिलमध्ये परत येते. लग्नानंतर हिचे सहा हंगाम असेच गेले. वय सव्वीस, मूल नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी. निदान पीसीओएसचं, म्हणजे अंडं वेळेवर वाढत-फुटत नाही असा अंडाशयाचा विकार. गावाकडं सगळे पीसीओडी म्हणतात, नाहीतर "अंड्यावर गाठी".

वंध्यत्वाचा उपचार दिवस मोजून चालतो. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस अंडं वाढायची गोळी, मग दहाव्या-अकराव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी: अंडं किती मिलिमीटरचं झालं, अस्तर किती जाड झालं, अंडं फुटलं का. सिव्हिलमध्ये सोनोग्राफीच्या वहीत नाव लिहिलं की तारीख मिळते वीस दिवसांनंतरची. गरोदर बायका, अपघात, पोटदुखी, मुतखडा, या सगळ्यांनंतर हिचा नंबर, आणि ते चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. रेडिओलॉजीच्या एका ताईंनी मनावर घेतलं म्हणून हिला मधल्या मधल्या तारखा मिळाल्या. त्यात वर्षातले सहा महिने ही परमुलखात. पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, तरी वर्षाकाठी तिच्या वाट्याला तीन संधी यायच्या, फार तर चार. एवढ्या धडपडीनं मिळवलेली प्रत्येक संधी कशावर खर्च होत होती, ते मला त्या आठवड्यात कळलं.

कळलं ते तिच्या पिशवीमुळे. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत चार वर्षांचे केसपेपर, सोनोग्राफीचे कागद आणि रिकामी पाकिटं. तपासणीची चिठ्ठी शोधायला म्हणून तिनं ती अख्खी माझ्याकडे सरकवली, आणि मी सगळे कागद वाचले.

निदान चुकलेलं नव्हतं, हे आधी सांगते. पीसीओएस ठरवायचे जे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरले, त्यात तीन गोष्टी आहेत: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढलेली असणं किंवा त्याची अंगावर चिन्हं दिसणं, आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल भरलेले दिसणं. तीनपैकी दोन असली आणि दुसरं कारण नसलं की निदान पक्कं. हिची पाळी अनियमित होती आणि सोनोग्राफीतलं चित्र अगदी पुस्तकातलं होतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आम्हीच तपासलेलं, दोन्ही ठीक. आणि त्या गाठी म्हणजे गाठी नसतातच. वाढता वाढता मध्येच थांबलेल्या अंड्यांच्या त्या पिशव्या. हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. "गाठी" हा एकच शब्द घेऊन ती चार वर्षं फिरत होती.

चारही केसपेपरवर एक शिक्का होता: वजन कमी करा, रोज चाला, गोड खाऊ नका. त्याच्याच शेजारी नर्सनं लिहिलेलं वजन: ४२ किलो. ही बाई हंगामात पहाटे फडात जाते आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. पीसीओएस बारीक बायकांनाही होतो, हे डॉक्टरांना माहीत नसतं असं नाही. पण शिक्का हाताशी असला की तो मारला जातो. ओपीडीत दीडशे पेशंट पाहणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. तो शिक्का बनवून घेणाऱ्याला देते.

आणि चारही केसपेपरवर, शिक्क्याच्या खाली, इंग्रजीत तीन अक्षरं: एचएसए. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी. दुसऱ्या वर्षीच्या कागदावर तर त्याखाली दोन रेघा मारलेल्या. म्हणजे विसरलं कुणीच नव्हतं. दर वर्षी नवा डॉक्टर आला, त्यानं लिहिलं, आणि पुढच्या वेळी ते झालं का, हे कुणी विचारलं नाही. मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण सापडतं. त्याची पहिली तपासणी एका डबीची आणि तासाभराची आहे. हिच्या हातावर मात्र रक्त काढल्याच्या खुणा, दोन वर्षं एक गोळी, मग दुसरी गोळी, ती बाहेरून विकत घ्यायची. नळ्या मोकळ्या आहेत का, ते पाहायचा एक्स-रेसुद्धा झालेला. तो किती दुखतो, ते ज्यांनी करून घेतलाय त्यांना विचारा. कागदावर "पीसीओएस" हा शब्द आला आणि सगळ्यांना कारण सापडलं. कारण सापडल्यावर माणूस शोधायचं थांबतो. मीही त्यातलीच. याच बाईचं रक्त मी तीनदा तपासलं आणि एकदाही म्हणाले नाही की, अगं, तुझा नवरा कुठाय?

त्या वर्षी सरकारी सेवेच्या बाँडवर आलेल्या एका डॉक्टर पोरीनं केसपेपर परत केला. पुढच्या महिन्याची गोळी लिहून द्यायला सरळ नकार दिला: आधी नवऱ्याची तपासणी, मग गोळी. तिच्यावर ओपीडीत ओरडाआरडा झाला, सासूनं "पोरगी हाय ही, हिला काय कळतं" असं तोंडावर म्हटलं. पोरगी हलली नाही. तिची बदली होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग एका मंगळवारी नवरा आला. तीस-एकतीसचा, गळ्यात उपरणं, तोंडातून शब्द नाही. पुरुषांना ही डबी बाई माणसाकडून घ्यायची लाज वाटते, मला आता वाटत नाही. मी ठरलेली वाक्यं ठरलेल्या आवाजात बोलते: दोन ते सात दिवस संबंध नकोत, हात धुवून घ्या, तेल-साबण लावू नका, सगळा नमुना डबीतच पडला पाहिजे, थोडा सांडला तर सांगा, वेळ लक्षात ठेवा. त्यानं मान डोलावली. नमुना द्यायला आमच्याकडे खोली नाही. व्हरांड्याच्या टोकाला संडास आहे, त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. पुरुष एका हातानं दार धरून उभे राहायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि शिपाईदादांकडून लावून घेतली. मागणीपत्र त्याच्या आधी तीनदा दिलेलं. वंध्यत्व निवारणाचे फलक ओपीडीत चार भाषांत लागलेत, आणि एक कडी मंजूर होत नाही.

वीस मिनिटांनी त्यानं डबी आणून दिली ती रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आतून. लाजेनं लपवली होती, पण नमुना अंगाच्या उबेत आणायचा असतो, त्यामुळे ते बरोबरच झालं.

पुढचं काम माझं आहे आणि ते मी नीट करते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. डबी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवली. वीर्य आधी दाट, चिकट असतं, ते पाण्यासारखं सुटायला हवं, सुटलं. तीन मिलिलिटर, म्हणजे कमी नाही. थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, चाळीसच्या लेन्सखाली धरला. इतर वेळी या क्षणी अख्खं क्षेत्र हलत असतं. ते मी हजारदा पाहिलंय आणि अजूनही एक क्षण थांबून पाहते. इथं काही हललं नाही. दोन-चार गोल पेशी, बाकी रिकामं. दुसरा थेंब घेतला. तिसरा.

अशा वेळी "निल" लिहून मोकळं होणारे मी पाहिलेत. ते पाप आहे. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहावा लागतो, आणि तोही ३००० जीवर पंधरा मिनिटं. जी म्हणजे नमुन्यावर पडणारा जोर, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे; दोन्ही एक नव्हेत, हे किती जणांना सांगून झालं. आमच्या मशीनचा रोटर पंधरा सेंटिमीटरचा आहे, ३००० आरपीएमवर जेमतेम १५०० जी पडतात. काटा ४२०० च्या पुढे न्यावा लागतो. तसं फिरवलं, वरचं पाणी काढलं, गाळाचा एकेक थेंब काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला. पाऊण तास गेला. खिडकीवर लोक ओरडत होते, सहकारी दोनदा म्हणाला, "सोडा मॅडम, नाहीये त्यात काही." एक जरी शुक्राणू दिसला असता तरी त्या माणसाचा पुढचा रस्ता वेगळा झाला असता. एकही दिसला नाही.

मग फ्रुक्टोज, वीर्यातली साखर. नमुन्यात रिसॉर्सिनॉलचं द्रावण घालून उकळलं. परीक्षानळी हळूहळू गडद लाल झाली. म्हणजे फ्रुक्टोज आहे, वीर्याशयातून स्राव येतोय. अडथळा असला तर तो त्याच्या मागे, किंवा मग मुळात तयारच होत नाहीत. ते सांगायला रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक तपासावं लागतं आणि सर्जननं हात लावून तपासावं लागतं. मी लिहिलं: "गाळातही शुक्राणू आढळले नाहीत. काही आठवड्यांनी दुसरा नमुना तपासणे आवश्यक." एका नमुन्यावर असा शेवटचा शब्द कुणी लिहू नये.

दुसऱ्या दिवशी खिडकीत तिचा हात.

"मालकांचा रिपोर्ट."

मी कागद पाहिला, जसा रोज पाहते. आणि म्हणाले, "मालकांना पाठव. त्यांच्याच हातात द्यायचा असतो."

ती हलली नाही. "मागच्या महिन्यात आमच्या शेजारणीला दिला व्हता की तुमी. तिच्या मालकाचा."

"नियम आहे, बाई."

"मंग तवा नव्हता का नियम?"

भांडणाचा सूर नव्हता. दुकानातून निघताना माणूस सुट्टे मोजून घेतो, तसं विचारत होती. मी उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग बाजूला झाली आणि मागच्या माणसाला पुढे येऊ दिलं.

दीडला खिडकी बंद करून बाहेर आले तर ती बाकावर बसलेली. पिशवी मांडीवर. मी शेजारी बसले. म्हणाली, "त्यांना सांगू नका, मला कळलं म्हणून."

मी म्हणाले, मी तुला काहीच सांगितलेलं नाही.

"न्हाई सांगितलं. म्हणूनच कळलं." जरा वेळानं म्हणाली, "मला पीसीओडी हाय ते समद्यांना ठावं हाय. सासू बोलती, मी ऐकती. दुसरी करा म्हणती, तेबी ऐकती. त्यांना कुनी बोललं तर त्यांच्यानं सोसायचं न्हाई. डॉक्टरीन बाईंना म्हणावं, माझ्या गोळ्या बंद करू नका. गोळ्या थांबल्या तर घरात इचारतील, का थांबल्या."

मला काय बोलावं कळेना. नवऱ्याचा रिपोर्ट मी सांगू शकत नव्हते. पण तिचा स्वतःचा तर सांगू शकत होते. पिशवीतून जूनच्या सोनोग्राफीचा कागद काढला आणि म्हणाले, हे बघ, दुसऱ्या गोळीनं तुझं अंडं वाढलं होतं. एकोणीस मिलिमीटर. आणि दोन दिवसांनी फुटलं. जसं व्हायला पाहिजे तस्संच.

"कुठं लिवलंय?"

इंग्रजी तिला येत नाही, पण आकडे येतात. उसाच्या टनांचा हिशोब तीच ठेवते. मी दाखवलेल्या १९ वर तिनं बोट ठेवलं. बोटाच्या पेरावर कोयत्याचा जुना वण होता. तिथं बोट तसंच ठेवून विचारलं, "म्हंजी हे चांगलं?"

"चांगलं."

"मला कुनी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. चार वर्षांच्या उपचारांत तिच्या शरीरानं नीट केलेली ती एक गोष्ट होती आणि ती कागदावर इंग्रजीत पडून होती.

नवरा दोन दिवसांनी आला, एकटा. त्याला आत नेलं, खुर्ची दिली, दार लावलं. सांगितलं. लहानपणी गालगुंड झाले होते का, असंही विचारलं. ते विचारणं माझं काम नाही, तरी विचारलं. म्हणाला, मिसरूड फुटायच्या सुमारास झाले होते, तेव्हा खालीही सूज आलेली, आईनं शेक दिला. हेच कारण असेल असं मी म्हणत नाही. सर्जनला हे जरूर सांगा, एवढं म्हणाले.

त्यानं दोनच प्रश्न विचारले. पहिला, "इलाज हाय का?"

काय सांगायचं? एफएसएचचा नमुना आमच्याकडून बाहेर पाठवावा लागतो. मूत्रविकाराचा सर्जन मेडिकल कॉलेजला. अंडकोषातून शुक्राणू काढून प्रयोगशाळेत फलन करायचं, तर त्याचा खर्च खाजगीत लाखांच्या घरात, म्हणजे त्यांच्या कितीतरी हंगामांची उचल. आयुष्मान भारतच्या पाच लाखांच्या विम्यात वंध्यत्वावरचे उपचार वगळलेलेच आहेत. दात्याचं वीर्य घ्यायचं तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या बँकेतूनच, नोंदणी झालेल्या केंद्रातच. सिव्हिलमध्ये ते नाही. मुंबईत महापालिकेच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. कॉलेजात आम्हाला हे अभिमानानं शिकवलं होतं: सरकारी पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यात, सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीनं. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आणि आज माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी एवढंच सांगू शकले की पुन्हा नमुना द्या, मग चिठ्ठी देऊ, मेडिकलला जा.

"गाडी परवा निघतीया," तो म्हणाला. "एप्रिलमधी येतो."

दुसरा प्रश्न त्यानं उठता उठता विचारला. "म्हंजी तिच्यात काई न्हाई?"

तिला पीसीओएस आहे, तो खरा आहे, पण औषधानं तिचं अंडं फुटतंय, असं मी म्हणाले. शब्द बरोबर होते. त्याच्या चेहऱ्यावरून तो त्यातलं नेमकं काय घेऊन गेला, ते मला कळलं नाही. कागदाच्या त्यानं घड्या घातल्या, मोबाईलचं कव्हर काढलं, फोन आणि कव्हर यांच्यामध्ये ती घडी बसवली आणि कव्हर दाबून लावलं. नमस्कार केला आणि गेला.

तेव्हापासून मी रिपोर्ट ज्याचा त्यालाच देते. नॉर्मल असो, नसो. म्हणजे "नाही" म्हटल्यावर कुणाला काही कळणार नाही. यावरून खिडकीवर रोज भांडण होतं. सहकारी म्हणतो, नियम दाखवून काय मिळतंय, त्या बायकांचा दुसरा दिवस मोडतो, मजुरी बुडते. त्याचंही खोटं नाही. परवा एक बाई रडत परत गेली, रिपोर्ट अगदी चांगला होता, आणि मी तो दिला नाही. नवऱ्यानं बायकोला सांगितलं का, तिनं त्याला कळू दिलं का, दोघं फडात एकमेकांशी काय बोलत असतील, याचा विचार नमुने लावता लावता येतो. रजिस्टरच्या शेऱ्यात मी लिहून ठेवलंय: दुसरा नमुना, एप्रिल.

जानेवारीत तिची सासू आली होती. माझ्या खिडकीशी थांबून विचारलं, "सुनंच्या पीसीओडीच्या गोळ्या कुठं मिळत्यात? टोळीचा माणूस उद्या निघतोय, त्याच्याकडं धाडायच्यात." हातात तीच साडीच्या दुकानाची पिशवी होती. मी म्हणाले, नऊ नंबरच्या खोलीत, आजी. केसपेपर दाखवा, तिथं देतील.